पत्रिकेतलं नाव, तांदळातलं नाव

आमच्या संस्थेत एक लोखंडी कपाट आहे. वरच्या तीन कप्प्यांत शाली आणि चौथ्यात फायली. प्रमाण उलट असायला हवं, पण माजी सैनिकांबद्दलचा आपला आदर बहुतेक वेळा लोकरीतूनच व्यक्त होतो. सव्वीस जानेवारी किंवा पंधरा ऑगस्ट होऊन गेला की चार-सहा जण आपापल्या सत्काराची शाल आणून देतात. "घरी ठेवायला जागा नाही," म्हणतात. थंडीच्या आधी आम्ही त्या एका वृद्धाश्रमात पोहोचवतो. ऑगस्टच्या दमट हवेत मांडवाखाली शाल पांघरून बसलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं होतं, गरम होत नाही का? सहा हिवाळे बर्फात काढलेला माणूस तो. म्हणाला, "तेव्हा मिळाली असती तर बरं झालं असतं."

संस्था म्हणजे खांदेश्वर स्टेशनपासून पाच मिनिटांवरचा दुकानाचा एक गाळा. मालक इथल्याच गावचे. त्यांच्या भातशेतीवर आता चार इमारती उभ्या आहेत. ते भाडं घेत नाहीत. का, असं विचारलं तर "रिकामाच हाय ना गाला," म्हणतात. ते खोटं आहे. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा दोन दिवसांत तिथे मोमोजवाला आला.

आत दोन टेबलं, एक प्रिंटर आणि एक सुभेदार. सुभेदार फौजेत कारकून होते. आपण कधी गोळी झाडली नाही, हे ते नव्या माणसाला आधीच सांगून टाकतात, म्हणजे पुढे कौतुकाचा धोका राहत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी सीवूड्सहून पुस्तकांची तीन खोकी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, आमची माणसं इथे पुस्तकं वाचायला येत नाहीत. घरी आलेली सरकारी पत्रं वाचून घ्यायला येतात. इंग्रजीत अर्ज लिहाल?"

लिहीन म्हटलं.

"मग मंगळवार आणि शुक्रवार. दहा म्हणजे दहा." आणि हजेरीच्या रजिस्टरात मी सही केली तेव्हा, "रकान्यात, मॅडम. अक्षर बाहेर जाऊ देऊ नका."

आयुष्यभर इतरांना शांतता पाळायला लावलेल्या बाईला कुणीतरी शिस्त लावत होतं. मला ते आवडलं.

हवालदार आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी, आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी. हवालदार म्हणजे पोलिसातले नव्हेत, फौजेतले. मूळचे साताऱ्याकडचे, आता करंजाड्याला मुलाकडे राहतात. छाती दोनदा उघडून झालेली. खुर्चीत बसले, श्वास जागेवर यायची वाट पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, डॉक्टर काय नीट सांगत न्हाई. म्हंजे टाइम कमी हाय. मी हाय तवर हिचं काम उरकून घ्या."

काम असं होतं. त्यांच्यामागे मावशींना फॅमिली पेन्शन मिळणार होती. पण फौजेच्या नोंदीत बायको म्हणून जिचं नाव होतं ती बाई आधार कार्डावर नव्हती, रेशन कार्डावर नव्हती, बँकेत नव्हती. कुठेच नव्हती. हवालदारांच्या स्वतःच्या पेन्शनला बायकोच्या नावाची गरज पडत नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सुभेदारांनी हवालदारांचं फौजेतलं डिस्चार्ज बुक चाळलं, त्यातलं बायकोचं नाव मोठ्यानं वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "लग्नाच्या रजेच्या अर्जाला पत्रिका जोडली होती?"

"जोडली व्हती की."

"मग बरोबर."

आपल्याकडे पत्रिकेत मुलीचं माहेरचं नाव छापतात. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. पलटणीतल्या कारकुनाला पत्रिका मिळाली, त्यानं इमानदारीत तेच नाव चढवलं. तांदूळ त्याच्यापर्यंत पोहोचण्याचं कारण नव्हतं. त्यांचा संध्याकाळी भात झाला होता. हवालदार रजा संपवून परत गेले, सीमेवर राहिले, आणि नोंद तशीच राहिली. सुभेदारांच्या कपाटात अशा आणखी फायली आहेत. हे फक्त आपल्या मराठी माणसांच्याच हातून होऊ शकतं असं ते म्हणतात, आणि त्यात थोडा अभिमानही असतो.

सरळ उपाय ठरलेला होता. जुनं नाव काढून नवं नाव घालावं, असं प्रतिज्ञापत्र. पुढच्या मंगळवारी मी मसुदा केला, सुभेदारांनी छापला, मावशींपुढे ठेवला. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण नवऱ्याची पत्रं पोस्टमनकडून वाचून घ्यायची लाज वाटायची म्हणून अक्षरं शिकल्या. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत मराठी मसुदा वाचला. 'काढून टाकण्यात यावे' या ओळीवर बोट थांबलं.

"आज नको," त्या म्हणाल्या.

"अगं, आज नको म्हंजे?" हवालदार. "पंचांग बघून करायचंय का?"

"आज नको म्हनलं ना."

चहाच्या निमित्तानं मी त्यांना बाहेर नेलं. टपरीजवळच्या कट्ट्यावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेरचं नाव आईनं ठेवलेलं. सासरी नणंदेचं नेमकं तेच नाव. एका घरात दोघींना हाक कशी मारायची म्हणून सासूबाईंनी ताट पुढे यायच्या आधी पाच मिनिटं दुसरं नाव ठरवलं. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, आई-वडील गेले, भाऊ गेला.

"ताई, ते नाव आता कुनी घेत न्हाई. मीसुदिक इसारले व्हते. त्या दिशी सुभेदारसायबांनी पुस्तकातनं वाचलं, तवा कुनी हाक मारल्यासारखं झालं. येवढ्या दुनियेत त्या एकाच कागदावर हाय ते. आन तिथनं बी मीच सही करून काढू?"

मी नोकरीची सगळी वर्षं पुस्तकांवर शिक्के मारण्यात घालवली. एखादं पुस्तक यादीतून वगळायचं तर तीन जणांच्या सह्या लागत. आत जाऊन मी मसुदा फायलीत लावून टाकला.

त्याच सुमाराला आमच्या सीवूड्सच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना देशप्रेमाची आठवण झाली. लिफ्टमध्ये भेटले. "मॅडम, तुमच्याकडे सैनिक असतात ना? सव्वीस जानेवारीला पाच मिळतील? मेडलवाले असले तर बरं."

"मिळतील. उंची काय हवी?"

ते हसले, पण वहीत लिहायला पेन काढलं होतं ते तसंच राहिलं. मग मी माझी अट सांगितली. सोहळा अर्धा तास. त्यानंतर दिवसभर क्लबहाऊस संस्थेला. टेबलं, खुर्च्या, प्रिंटर, आणि सोसायटीत जे कुणी निवृत्त वकील, बँकवाले, सरकारी अधिकारी 'टाइम जात नाही' म्हणून व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवतात, ते सगळे खाली.

"आणि शाली?"

"शाली नकोत."

"ऑर्डर गेली ना पण," ते कष्टी होऊन म्हणाले. त्यामुळे शालीही आल्या.

सोहळा अपेक्षेप्रमाणे झाला. निवेदिका कवितेच्या ओळींमधून मधूनच कार्यक्रमाकडे यायची. हवालदारांच्या सत्कारानंतर तिनं गहिवरून पुकारा केला, "आणि आता आपण सन्मान करणार आहोत त्यांच्या वीरपत्नींचा!" दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं की काय, अशा विचारात पहिली रांग अर्धवट उठली. हवालदारांनी खुर्चीतूनच हात वर केला. "ताई, हाय मी अजून. थोडी कळ काढा."

मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. निवेदिकेनं माफी मागितली आणि कविता सोडून दिली, हा त्या सकाळचा पहिला फायदा.

दुसरा फायदा क्लबहाऊसमध्ये झाला. मला वाटलं होतं तिघे-चौघे येतील. प्रत्येक विंगमधून माणसं उतरली. कुणी घरचा प्रिंटर उचलून आणला, कुणी स्टेपलर. जो गृहस्थ पार्किंगवरून तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, तो हयातीच्या दाखल्याच्या यंत्रावर म्हाताऱ्यांची झिजलेली बोटं पुसून पुसून पुन्हा टेकवत होता. "काका, थोडं दाबून. आलं बघा!" असं ओरडत होता. मी टीका करायला काही शोधत होते आणि मला सापडत नव्हतं. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी मावशींचा मसुदा वाचला आणि चष्मा काढला. "काढायचं कशाला? दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करू. 'उर्फ' घालून दोन्ही ठेवायची विनंती."

सुभेदार लगेच म्हणाले, "रेकॉर्डवाले परत पाठवतील. एक नाव काढा, एक घाला, हा सरळ रस्ता आहे. दोन नावं म्हटली की प्रश्न विचारतात, आणखी पुरावे मागतात. तीन महिने जातात, सहा जातात." आणि मग हवालदारांकडे न बघता, "वेळ किती आहे ते बघून ठरवा."

हवालदारांना बायकोच्या मनातलं ठाऊक नव्हतं. घरी तिनं सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, जमेल तेवढ्या कमी शब्दांत. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी टेबलावरचा टाचणीचा डबा उघडत होत्या, बंद करत होत्या.

"येवढंच व्हय?" हवालदार म्हणाले. "पन्नास वर्सं बोलायला काय झालं व्हतं?"

"तुमी घरी कवा व्हता?"

क्लबहाऊसमध्ये हशा पिकला, सुभेदारसुद्धा हसले. हवालदार हसले नाहीत. श्वास जमवून म्हणाले, "दोन्ही लिवा सायेब. परत आलं तर परत धाडू. तेवढं दिवस काढतो मी."

अर्जाला लागणारा जोडीचा फोटोही तिथेच निघाला. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. "जवळ बसा," सगळी सोसायटी ओरडली.

अर्ज मार्चमध्ये परत आला. सुभेदारांनी 'मी म्हटलं नव्हतं' असं एकदाही म्हटलं नाही. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या नातेवाइकानं लिहून द्यावं, असं सोबतच्या पत्रात होतं. त्या आठवड्यात हवालदार दवाखान्यात होते. लग्नाआधीपासून मावशींना ओळखणारं जिवंत माणूस एकच उरलं होतं: तेव्हा मुलगी बघायला आलेली, गावाकडची नणंद. तीच, जिच्यामुळे नाव गेलं होतं.

ऐंशीला टेकलेली ती बाई एस.टी.नं पनवेलला उतरली, तिथून रिक्षानं आमच्या गाळ्यात. पिशवी खाली ठेवायच्या आधी भावजयीला म्हणाली, "माझं नाव घेऊन बसलीस व्हय गं सरकारदरबारी? येवढी वर्सं?"

"तुमचं नाव तेच म्हनून काडून घेतलं व्हतं माझं," मावशी म्हणाल्या. "आता द्या परत."

"देते की. त्यासाठीच कंबर मोडून आले." तिनं सुभेदारांनी दाखवलेल्या जागी अंगठा उठवला, शाईचं बोट भावजयीच्या गालाला लावलं आणि म्हणाली, "चल, आता भावाला दाव मला."

जूनमध्ये सुधारित आदेश आला. मंगळवार होता. हवालदार घरी परतले होते. काठी टेकत, मुलाच्या गाडीतून, स्वतः आले. कागद त्यांनी हातात घेतला, चष्म्याजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला, पलटणीत हजेरी वाचतात तसा. आधी माहेरचं नाव, मग उर्फ, मग तांदळातलं नाव. मावशी उभ्या होत्या. पहिल्या नावाला त्यांनी नकळत "ओ" दिली.

मी कुठल्याही कार्यक्रमात छाती फुगवून उभी राहिलेली नाही. त्या दिवशी गाळ्यात मात्र माझी मान जरा ताठ होती, हे कबूल करते. मोमोजवाल्यालासुद्धा मी कारण नसताना हसून दाखवलं.

कागद मिळाल्याची पोचही त्याच हजेरीच्या रजिस्टरात द्यायची असते. मावशींनी पेन घेतलं आणि पहिलं नाव सावकाश काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ते लिहीत होत्या. मग उर्फ. मग दुसरं नाव. सही रकाना ओलांडून पुढच्या रकान्यात गेली, तिथून वळून खालच्या ओळीत उतरली. खालची ओळ माझी होती, त्या दिवशीच्या हजेरीची; गडबडीत माझी सही राहून गेली होती. मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांच्या हातात पट्टी होती. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर लावला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याच्या खाली करा. जागा आहे."