मेलों, कॉफी आण!

वेंकोबराव रोज दुपारी चार वाजता विमानातून उडी मारायचे, आणि उडी मारण्याआधी पायातल्या चपला काढून ठेवायचे. विमान मोबाईलमधलं होतं. चपला खऱ्या होत्या.

पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, पांढरी वेष्टी नेसलेली, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालत सुटतात. जो शेवटी उरतो तो जिंकला. वेंकोबराव उतरले की थेट बेटाच्या कोपऱ्यातल्या एका कौलारू घराकडे जायचे, तिथल्या ओट्यावर बसायचे आणि मरेपर्यंत बसून राहायचे. कधी कुणी येऊन गोळी घालायचं, कधी लढाईचं रिंगण आक्रसत गेल्यावर बाहेर पसरणारं विषारी धुकं येऊन गिळायचं. मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक द्यायचे, "मेलों! कॉफी आण!"

आतून त्यांच्या पत्नी सीतामामी म्हणायच्या, "आज लौकर मेलांत. डिकॉक्शन उतरलं नाही अजून."

हा संवाद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातला डबाच पडला होता.

मी मूळची साताऱ्याची. चेन्नईत पेरुंगुडीच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि राहायला गेले तिरुवल्लिकेणीत, वेंकोबरावांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत. ऑफिसला जायला-यायला जीव निघायचा, पण आईने फोनवर 'मराठी बोलणारं घर आहे' एवढं ऐकलं आणि विषय संपला. हे लोक तंजावरकडचे मराठी. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, आणि मराठी जपली ती लोणच्यासारखी, घट्ट झाकण लावून. पहिल्या दिवशी वेंकोबरावांनी विचारलं, "अस्कं सामान आणलीस की?" मी बघतच राहिले. अस्कं म्हणजे सगळं. माझं बोलणं त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "तुझी मराठी बरी अहे, अम्मा. पण फार नवी अहे."

ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. लोकांचे अर्ज घेणं हेच काम. रिटायर झाल्यावर त्यांचा दिवस जायचा तिण्णैवर. तिण्णै म्हणजे तिकडच्या जुन्या घरांचा रस्त्याकडेचा ओटा. वेंकोबराव, पट्टाभी, मुरुगेशन आणि गोपाळराव असे चौघे रोज चारला तिथे बसायचे. मी एकदा विचारलं, "काय बोलायचात हो एवढं?" ते म्हणाले, "बोलायचं कशाला? सुम्मा बसायचं." सुम्मा हा त्यांचा लाडका तमिळ शब्द. उगाच, कारणाशिवाय. त्यांच्या तोंडून तो ऐकला की कारण असणं हाच काहीतरी कमीपणा वाटायचा.

मग घर बिल्डरला दिलं, फ्लॅट झाले, आणि तिण्णैच्या जागी गाड्या लागायला लागल्या. तोवर मंडळीही पांगली होती. पट्टाभी मुलाकडे बंगळूरला, मुरुगेशन मदुरैला, गोपाळराव लेकीकडे कोइम्बतूरला.

हा खेळ घरात आणला मी. एका शनिवारी हॉलमध्ये बसून खेळत होते. हरायच्या बेतात होते, अंगाचा नुसता तिळपापड झालेला, आणि मागून वेंकोबराव ओरडले, "थांब! हलू नको! ही तिण्णै अहे!"

"मामा, मागे बंदूकवाला आहे!"

"असू दे ग तो. खांब पाहूं दे. लाकडी अहे की दगडी?"

खांब लाकडी निघाला आणि मी मेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मोबाईलवर खेळ आला होता. आठवड्याभरात बाकीच्या तिघांच्याही मोबाईलवर आला आणि त्या रणभूमीवर रोज चारला चार म्हातारे सैनिक, पूर्ण चिलखतात, मांडीला मांडी लावून ओट्यावर बसायला लागले. आजूबाजूला बॉम्ब फुटतायत, आणि मुरुगेशन माइकवर मदुरैच्या मोगऱ्याचा भाव सांगतायत.

मी म्हटलं, "अहो, त्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा की! सुखाने बोला. रोज मरायची काय हौस?"

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "गोपाळाला झटका आलता. त्याची वाचा गेली," ते म्हणाले. "फोन केला तर लेक फोन धरते आणि मणते, अप्पा, बोला ना, मामा अहेत. तो बोलूं शकत नाही. मग तो रडतो, मग मी रडतों, मग ती फोन ठेवते. फोनावर बोलावं लागतं, अम्मा. तिण्णैवर बसलं की पुरे."

आणि खरंच, तिथे गोपाळरावांना कुणी बोला म्हणत नव्हतं. त्यांचा सैनिक बसायचा. एखादी गोष्ट पटली की जागच्या जागी उडी मारायचा. हसू आलं की दोन उड्या. एक बोट चाललं की काम भागत होतं. मला त्यानंतर व्हिडिओ कॉलचं नाव काढायची लाज वाटली.

पण सरकारी माणूस म्हटल्यावर अर्ज आलाच. खेळ बनवणाऱ्या कंपनीला सूचना पाठवायची एक छोटी चौकट असते. वेंकोबराव तिच्यात आधी पिळ्ळैयारचं चिन्ह लिहायचे, कारण तमिळ मुलखात कागदाची सुरुवात गणपतीशिवाय होत नाही. मग "परमपूज्य महाशय, आपल्या चरणीं साष्टांग प्रणिपात करून विनयपूर्वक निवेदन जे" इंग्रजीत. एवढ्यात चौकट भरायची. मग उरलेलं निवेदन दुसऱ्या हप्त्यात, तिसऱ्या हप्त्यात. मागण्या अगदी साध्या: तिण्णैवर धुकं येऊ नये, चार ते साडेचार कुणी गोळी झाडू नये, आणि शक्य झाल्यास एक पानाचा डबा ठेवावा. प्रत्येक हप्त्याला लगेच उत्तर यायचं: 'वीर योद्ध्या! तुझा अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे!'

"पाहिलीस?" ते मला दाखवायचे. "आमच्या साहेबाने मज कधी योद्धा मंटलं नाही. हा फार सभ्य गृहस्थ अहे."

"मामा, तो गृहस्थ नाही. ते मशीन आहे. सगळ्यांना तेच उत्तर जातं."

"मी पण सगळ्यांस तेच उत्तर द्यायचों. विचार चालू अहे. मणून काय मी मशीन होतों?"

खेळणाऱ्या बाकीच्या लोकांचाही संताप संताप चालला होता. कुणाची बंदूक अडकते, कुणाचा सैनिक भिंतीत रुततो, वर्ष वर्ष ओरडतायत, आणि सगळ्यांना एकच उत्तर, वीर योद्ध्या. आणि अशातच जाहीर झालं की पुढच्या बदलात कोपऱ्यातलं ते कौलारू घर काढून टाकणार. कारण काय, तर तिथे कुणी लढत नाही.

वेंकोबराव त्या दिवशी कॉफी न पिता उठले. रात्री जेवताना म्हणाले, "गोपाळ आता कुठं बसेल?" सीतामामींनी त्यांच्या पानात न विचारता तूप वाढलं.

सकाळी मात्र गडी तयार! इस्त्रीचा शर्ट, खिशात लिंबू, काखेत पुडकं. पुडक्यात पोन्नाडै. चेन्नईत कुठल्याही मोठ्या माणसाला भेटायचं तर जरीची शाल पांघरायची आणि हातात लिंबू ठेवायचं, ही रीत. आदल्या संध्याकाळी म्हणे टी. नगरला जाऊन घासाघीस करून आणली होती. "अर्ज कागदाने हलत नाही," ते म्हणाले. "शाल पडली की माणूस ऐकतो. चल, पेरुंगुडीस त्यांचं ऑफिस अहे."

मी अर्धी रजा टाकली आणि गेले. दुसरं काय करणार? एकट्याला सोडवत नव्हतं.

ऑफिस म्हणजे काचेचा गारढोण हॉल. भिंतीवर भलामोठा टीव्ही, त्यावर खेळातला योद्धा तलवार परजतोय. रिसेप्शनच्या मुलीने विचारलं कुणाला भेटायचंय. वेंकोबराव म्हणाले, "जो मज रोज उत्तर लिहितो त्यास."

तिने त्यांचा मोबाईल बघितला. बिचारी ओशाळली. "सर, हे आपोआप जातं. इथे फक्त हिशेब आणि जाहिरातीचे लोक बसतात. खेळ बनवणारे परदेशात आहेत."

"म्हणजे उत्तर लिहिणारा कोणी नाही?"

"नाही, सर."

मला वाटलं, संपलं. आता हे इथेच मटकन बसणार. पण वेंकोबरावांनी इकडे तिकडे पाहिलं, पुडकं सोडलं, टाचा उंचावल्या आणि ती जरीची शाल टीव्हीला पांघरली. योद्ध्याचा एक डोळा आणि तलवारीचं टोक तेवढं बाहेर राहिलं. खाली टेबलावर लिंबू ठेवलं आणि हात जोडून त्यांनी अख्खं निवेदन, परमपूज्य महाशयपासून पानाच्या डब्यापर्यंत, टीव्हीला ऐकवलं. वॉचमनने सवयीने टाळ्या वाजवल्या. हॉलमधल्या कुणीतरी फोटो काढला. मी जमिनीकडे बघत उभी होते. हसू की रडू हेच कळत नव्हतं.

तो फोटो चार दिवसांत गावभर झाला. खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतला. जो तो कंपनीला लिहायला लागला, 'निदान या आजोबांचं तरी ऐका!' आणि कंपनीने ऐकलं. खरंच ऐकलं! मोठी जाहिरात आली: 'तुम्ही मागितलं, आम्ही दिलं! योद्ध्यांसाठी सोनेरी शाल, आता विकत घ्या!' आणि त्याच बदलात तिण्णै जमीनदोस्त.

मी अशी भडकले की विचारू नका. मोबाईल गादीवर आपटला, शिव्या घातल्या, त्यातल्या दोन साताऱ्याच्या खास होत्या. सीतामामींनी कौतुकाने विचारलं, "याचा अर्थ काय ग?"

वेंकोबराव म्हणाले, "चार वाजले." आणि चपला काढल्या.

चौघे उतरले. घराच्या जागी शाल विकायचं नवं झगमगीत दुकान उभं होतं. पुढे एक पायरी होती. आधी गोपाळरावांचा सैनिक पायरीवर बसला, मग बाकीचे त्याच्या शेजारी.

तेवढ्यात एक पोरगेलासा सैनिक धावत आला आणि त्याने बंदूक रिकामी केली. कुणाला काही झालं नाही. त्याने बॉम्ब टाकला. काही झालं नाही. मग धुकं आलं, पायरीपर्यंत पोचलं आणि थांबलं. माझ्या तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. शाल घेताना गिऱ्हाईक मरू नये म्हणून कंपनीने दुकानाला गोळीही लागू दिली नव्हती आणि धुकंही!

बाकी सगळे मेले. उरले पायरीवरचे चौघे आणि तो पोरगेला सैनिक, आणि हे चौघे मेल्याशिवाय तो जिंकणार नाही. तो माइकवर रडकुंडीला आला, "अंकल, प्लीज मरा ना! बाहेर या ना!"

"कॉफी झाल्यावर मरतों, तंबी," वेंकोबराव म्हणाले. "तोवर ये, बस."

तो थोडा वेळ इकडे तिकडे पळाला आणि शेवटी पायरीवर येऊन बसला. सीतामामींची कॉफी त्या दिवशी पहिल्यांदा जिवंत माणसाला मिळाली. गोपाळरावांचा सैनिक उड्या मारत होता, दोन दोन, दोन दोन, थांबेचना. वेंकोबरावांनी कपबशी खाली ठेवली आणि वेष्टीच्या सोग्याने डोळे पुसले.

आता मात्र खेळणारे चवताळले. दुकानाच्या पायरीवर म्हातारे बसतात, खेळ संपतच नाही, हे ताबडतोब दुरुस्त करा! तक्रारींचा पाऊस पडला. मी धास्तावून वेंकोबरावांना विचारलं, आता काय? त्यांनी शांतपणे देवघराकडे हात जोडले. "कंपनीस देव असंच राखो. कोणाचं कांही ऐकूं नये."

आणि कंपनीने नाही ऐकलं. प्रत्येकाला उत्तर गेलं: वीर योद्ध्या, तुझा अभिप्राय अमूल्य आहे.

मी आता पुण्याला असते. निघताना वाकून नमस्कार केला तर वेंकोबराव म्हणाले, "फोन करूं नको. फोनावर मज कांही सुचत नाही. चारला ये." रोज नाही जमत, पण सुट्टीच्या दिवशी मीही चपला काढते आणि विमानातून उडी मारते. पायरी तशी अरुंद आहे. मला आलेली पाहून गोपाळराव एक उडी मारतात, सरकतात, आणि मी बसते. सुम्मा.