ग्वादलूपचा विल्नेर

विल्नेर देझामूर हैतीतल्या जेरेमी गावचा. तिथल्या धर्मादाय दवाखान्यात त्याची आई रोग्यांसाठी रांधायची. नीरफणस कुटून भेंडीच्या कालवणाबरोबर वाढायचं, हे तो तिच्याकडूनच शिकला. तरुणपणी सरहद्द ओलांडून तो शेजारच्या देशात, आमच्या सांतो दोमिंगो शहरात आला. आधी सिमेंटची घमेली वाहिली, मग हॉटेलात भांडी घासली, आणि हळूहळू चुलीपाशी पोचला. आम्ही दोघं दोन्या मिर्ताकडे, म्हणजे मिर्ताबाईंकडे, कामाला होतो. बड्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याच ओट्यावर स्वयंपाक करून द्यायचा, हा तिचा धंदा.

गिऱ्हाइकाला आचाऱ्याची कुळकथा लागते, असं मिर्ताचं म्हणणं. वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली ती असायची. मी शिकले कपड्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये. मिर्तानं लिहिलं आजीचा मळा आणि मातीची चूल. मला आजी आठवतसुद्धा नाही. विल्नेरनं जेरेमी सांगितल्यावर मात्र ती थांबली.

"हैतीचा म्हटलं तर कोण घरात घेईल तुला? ग्वादलूप लिहू या, ते फ्रेंचांचं बेट आहे. फ्रेंच तर बोलतोसच."

"बाई, मी ग्वादलूप नकाशातही पाहिलं नाही."

"त्यांनी तरी कुठं पाहिलंय?"

तो हसला. त्याच्याकडे इथं राहायच्या परवान्याचे कागद नव्हते, नको म्हणायची सोय नव्हती.

दोन्या बेल्कीसकडे तो दर आठवड्याला जायचा. 'माझा फ्रेंच' म्हणून ती पाहुण्यांना स्वयंपाकघरात घेऊन यायची, ग्वादलूपचा समुद्र कसा असतो ते विचारायची. तो जेरेमीचा समुद्र सांगायचा.

तिच्या नवऱ्याच्या वाढदिवसाला मीही मदतीला गेले होते. नारळ कमी पडले म्हणून विल्नेर अंगातल्या एप्रनसकट खाली उतरला. कोपऱ्यावर हैतीच्या लोकांना पकडून नेणारा ट्रक उभा होता. मी वरच्या घरात कामाला आहे, असं त्यानं सांगितलं, तेव्हा इमारतीच्या पहारेकऱ्यानं इंटरकॉमवर विचारलं. फोन बेल्कीसनं घेतला.

"आमचा आचारी ग्वादलूपचा आहे," ती म्हणाली. "हैतीचं कुणी आमच्याकडे नाही."

माझे हात खेकड्यांत होते. मी म्हटलं, "बाई, तो विल्नेरच आहे."

ती वळली. "तो हैतीचा आहे?"

"हो. पण आत्ता तुम्ही हो म्हणा, बाई."

तिनं फोन हळूच जागेवर ठेवला. "इतके दिवस फसवलंत मला," एवढंच म्हणाली.

मी जिन्यानं धावत खाली गेले. ट्रक निघून गेला होता. पहारेकऱ्यानं घडी घातलेला एप्रन माझ्या हातात दिला. तो मिर्ताच्या धंद्याचा आहे, तिला पोचवा, असं विल्नेर सांगून गेला होता.

मी परत वर गेले नाही. मिर्ताकडे गेले. ती म्हणाली, त्याला सोडवायला गेले तर बिनकागदाचा माणूस ठेवलास कसा म्हणून मलाच धरतील. संध्याकाळपर्यंत वेबसाइटवरून त्याचा फोटो गेला. त्याची बायको योलेत पकडलेल्यांना ठेवतात त्या छावणीपाशी जाऊ शकत नव्हती, तिच्याकडेही कागद नव्हते. दुसऱ्या दिवशी मीच गेले. कुंपणाशी उभी राहून त्याच्या नावानं हाका मारल्या. आतल्या एका बाईनं सांगितलं, पहाटेच्या गाडीनं पलीकडे नेलं.

पुढे त्याचा फोन आला, सरहद्दीपलीकडच्या बेलादेरहून. जेरेमीची वाट गुंडांच्या टोळ्यांनी अडवली होती, आईची काही खबर नव्हती. रांधतोस का, मी विचारलं.

"भांडी घासतो," तो पुटपुटला. "रांधायला कुणाकडे काही असेल तर ना, नेरेयदा."

त्यांची मुलगी रोजलेन इथंच जन्मली. तरी धरून नेतील म्हणून योलेत तिला शाळेत पाठवत नाही, दारातसुद्धा उभं राहू देत नाही. दुसरं काम मिळेना, म्हणून मी अजून मिर्ताकडेच आहे. बेल्कीसकडे आता दुसरा माणूस जातो.

नाताळापासून विल्नेरचा फोन लागत नाही. योलेत रोज लावते.