तसबिरीमागच्या सह्या

चांद्यात तेव्हा जुने ग्रामोफोन आणि तबकड्या यांचा धंदा करणारा मी एकटाच होतो. कोळसा खाणीतले इंग्रज साहेब एकेक करून मायदेशी निघाले होते. त्यांच्या बंगल्यांतले सामान मी पहिल्या नकारावर न थांबता उचलत असे. तबकड्या विकायचो, पण पाकिटावर गाणाऱ्याची सही असली तर पाकीट ठेवून घ्यायचो. माणूस कोण हे ठाऊक नसले तरी शाईचे वळण मला आवडे.

घुग्घुसच्या एका साहेबाला त्याच्या बहिणीने विलायतेहून फोटो पाठवला होता. नव्या धर्तीचे गाणे गाणारी चार पोरे: दोघांकडे गिटार, तिसऱ्याकडे वाजवायला चहाच्या रिकाम्या पेटीला लावलेली काठी आणि दोरी, चौथ्याकडे कपडे घासायची पत्र्याची फळी. खालच्या पांढऱ्या पट्टीवर चौघांच्या सह्या. साहेब देईना. ग्रामोफोनच्या सौद्यात त्याला पुरता दमवला, तेव्हा फोटो वर फुकट मिळाला. सगळ्यांच्या सह्या एकत्र असलेली माझ्याकडे तेवढी एकच वस्तू.

तो मी बाजारात देवांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडे नेला.

"हे धोबी गाऊन राह्यले काय, भाऊ?"

"तू मढव. जास्त बोलू नको."

मी भाव पाडला. तो कुरकुरला, पण तयार झाला.

दुसऱ्या दिवशी फ्रेमीत चौघे होते, पट्टी नव्हती.

"सह्या कुठी गेल्या?"

"कोनत्या सह्या? खाली शाईनं खराब झालतं, ते कापलं. तुमच्या भावात लक्ष्मीच्या मापाचीच फ्रेम येते."

मी त्याचा खळीचा डबा रस्त्यावर भिरकावला. तेव्हा कळले, कातरण तो फेकत नसे. काच हलू नये म्हणून पुढे मढवायच्या तसबिरीच्या पाठीत कोंबत असे. पुढची तसबीर लक्ष्मीची होती आणि ती नागभीडजवळच्या एका धानकरी शेतकऱ्याने नेली होती.

छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीने मी नागभीड गाठले. धानकऱ्याच्या घरच्या बाईंनी पाणी दिले. भिंतीतल्या देवळीत तसबीर होती, काचेवर कुंकू. मी त्यांना सोनेरी काठाची, हिच्याहून मोठी तसबीर देऊ केली.

"आहे तेच बरी हाय, भाऊ."

"मंग फक्त पाठ उघडतो, बाई. लक्ष्मीले हातई लावत नाई."

"कुंकू लागलं ना आता. बसलेली लक्ष्मी कोनी उठवते काय?"

"मागं माझा कागद हाय. नावं हायेत त्याच्यावर."

"कोनाची?"

"विलायतच्या पोराइची."

"मंग त्याइच्याई नावानं दिवा लावीन. चहा घ्या."

आवाज चढवावा तर घर त्यांचे, आणि चहाचा कप माझ्या हातात. मी चहा पिऊन परतलो.

फोटो अजून माझ्याकडे आहे. ते चौघे कोण, हे पट्टीशिवाय सांगता येत नाही. मढवणाऱ्याला मी पुन्हा काम दिले नाही. सह्या कापल्याने फोटो साफ दिसू लागला, असे तो मरेपर्यंत म्हणत राहिला.