पाणी कुठं वाहतं

टेमघरला आमच्या घरामागे कापड रंगवायचा कारखाना होता. तो बंद पडला, पण रंगाचं पाणी जमिनीत मुरलं असेल म्हणून आमची विहीर दोन वर्षं बंदच होती. दर महिन्याला पाणी तपासणारे एक सरकारी गृहस्थ येऊन आमच्या आणि कारखान्याच्या आवारातल्या बोअरमध्ये पाण्याची पातळी मोजायची टेप सोडायचे. टोक पाण्याला लागून टेपची शिट्टी वाजली की हसून म्हणायचे, "हाय, जागेवर हाय!" नाव मी कधी विचारलं नाही. विहिरीचं विचारलं तर म्हणायचे, "घाई न्हाय, वहिनी. जमिनीखालचं पानी कुठं वाहतं ते कळू द्या."

परवा ते फाटकातूनच ओरडले, "वहिनी, पानी तुमच्याकडून कारखान्याकडं वाहतं! विहिरीच्या पान्याचा रिपोर्टपन साफ हाय!"

त्यांनीच विहिरीवरची जाळी काढली, पाणी शेंदलं. पहिला पेला स्वतः प्यायले, दुसरा माझ्यापुढे धरला. मी तो एका दमात रिकामा केला.