खंडोजींचा काठ आणि गौरीची माती

कानडी मुलखातल्या बेळ्ळंदूर तळ्याकडे जाणारा ओढा खंडोजी जाधवांच्या परसामागे वळण घेतो. नव्वदनंतर वरच्या अंगाला वसाहती उठल्या, पाणी मुरायचे थांबले आणि जरा पाऊस झाला की ओढा फुगून त्याच वळणावर आदळू लागला. काठ खचत खचत परसातल्या आडाला येऊन भिडला. आड ढासळला की पाठोपाठ घराची मागची भिंतही जाणार, हे खंडोजींना दिसत होते.

निवृत्तीनंतर त्यांनी काठाचीच चाकरी पत्करली. तळाशी सुरूच्या मेढी ठोकल्या, त्यांत बांबू विणले, मागे मातीची पोती रचून उतारावर वाळा लावला. मुळे माती धरतील, हा हिशेब. पण दर भाद्रपदात घोडे पेंड खाई. इकडे गणपतीच्या आदल्या दिवशी बसणारी घरची गौर याच वळणाच्या चिकणमातीची. गल्लीतल्या बायकाही टोपल्या घेऊन इथेच येत. खंडोजींनी विनवले, खेकसले, काटेरी फांद्या रोवल्या. फांद्या नीट बाजूला ठेवून बायकांनी माती नेली.

शहाण्णव साली तर थोरली बहीण अहल्याक्काच खुरपे घेऊन काठावर बसलेली सापडली. शेजारी वाळ्याचा उपटलेला ठोंब.

“अक्का! साधं गवत नव्हे ते!”

“वासानेच कळलं. पाण्याच्या घागरीत घालीन. स्वल्प माती घेतली तर एवढं काय रे?”

“सगळ्यांची स्वल्प मिळून गाडीभर होते!”

“शहाजीराजांबरोबर इकडे आलो तेव्हापासून गौरीला इथलीच माती आहे.”

“हे परस आजोबांनी विकत घेतलं, अक्का. शहाजीराजे इथे कुठून आले?”

अक्काचे खुरपे थांबले नाही. खंडोजींनी टोपली ओढून घेतली, धोतर खोचले आणि पाण्यात उतरून पलीकडे गेले. ओढा इकडे खातो ते तिकडे ओकतो. त्या गाळाची टोपली भरून त्यांनी अक्कापुढे आदळली.

“घे. आपल्याच काठाची आहे.”

“रेताड आहे.”

रेताडच होती. वाळता वाळता गौरीच्या गालाला भेग गेली.

“पाहिलंस तुझं कर्तृत्व?”

“पाहिलं. गाल पिठाने बुजेल. आड ढासळला तर पिठाने सावरेल का?”

अक्काने पीठ कालवले आणि आरती संपेपर्यंत ती पुटपुटत राहिली. खंडोजी तेव्हा परसात ठोंब पुन्हा रोवून टाचेने माती दाबत होते. कुंपणाशी शेजारीण रिकामी टोपली घेऊन उभी राहिली.

“अण्णा, उद्याच्या गणपतीला माती हवी होती.”

खंडोजींनी मान वर न करता पलीकडच्या काठाकडे बोट दाखवले.