ढोलाशेजारी टिकणारा अँप

माझी गिटार कुणालाच ऐकू येत नाही, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. पानशेतजवळच्या एका हळदीत दोन तास जीव तोडून वाजवलं. खाली उतरले, तर नवरीची आत्या कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमी निस्ती धरून हुब्या होता का वाजवत बी होता?" बिचारीनं मनापासून विचारलं होतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचा बँड चौघांचा. गायक भोरमध्ये औषधांचं दुकान चालवतो, सुपाऱ्याही तोच घेतो. ढोल वाजवणारा वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या धनगरवस्तीवरचा, झांज त्याच्या चुलतभावाकडे, आणि चौथी मी. गिटार शिकले तीच चाळिशी उलटल्यावर.

दुसऱ्या दिवशी गायक शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला. म्हणाला, "बाई, राग मानू नका. पालीच्या जत्रंपतुर बघू. तिथं बी गिटार ऐकू आली न्हाई, तर कीबोर्डवाला घ्यावा लागंल." राग मानू नका म्हटलं की राग हमखास येतो. त्या दिवशी मी चौथीच्या पोरांवर उगाच खेकसले. पण आज वाटतं, माणूस तोंडावर बोलला हे त्याचे उपकारच. त्याच्या बँडातून गेले असते, तर मला दुसऱ्या कुणी उभं केलं असतं?

माझ्याकडचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घरात सरावापुरता होता, तांदळाच्या डब्याएवढा. मोठा घ्यायलाच हवा होता. पुण्याच्या दुकानात मला काचेच्या बंद खोलीत बसवलं आणि दोन अँप समोर ठेवले. एक नवाकोरा, शंभर वॅटचा, वर रंगीत पडदा, आत पन्नास तऱ्हेचे आवाज. दुसरा वापरलेला, निम्म्या ताकदीचा, कोपरे झिजलेले, पुढे एकच मोठा स्पीकर आणि चार बटणं. नव्याचा खर्ज वाढवून एक तार छेडली आणि छातीत धडधडलं. झालं, मी भाळले. दुकानदार मात्र शहाणा निघाला. "दोन्ही घेऊन जा, बँडसोबत वाजवा, एक परत आणा," म्हणाला. ओळख ना पाळख, तरी त्यानं विश्वास टाकला. दुसरा मी केवळ त्याचं मन राखायला गाडीत घातला.

ढोलवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्या वस्तीवं आना. आमच्या लायटीवं चालला तर कुठं बी चालंल."

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या अंगणात मांडामांड केली. त्याची आई समोरच्या उतारावर शेळ्या घेऊन गेली होती, मधे ओढा. तिकडे मोबाईलला रेंज नाही. म्हणून ठरलं की गिटार ऐकू आली की तिनं काठी वर करायची. त्यानं ढोल धरला, मी नवा अँप लावला. अंगणातली कोंबडी पळाली, इतका आवाज. काठी काही हलेना. मी खर्ज आणखी वाढवला. तरी नाही. आणि मग पलीकडून, ना माईक ना वॅट, त्या माउलीची हाक अगदी स्वच्छ आली, "अगं, वाजीव की! बसलीस का निस्ती?"

हसावं की रडावं कळेना. ढोलवाला मात्र पोट धरून हसत होता.

ढोलवाल्याच्या आई, आमच्या मावशी, खाली आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ढोल तेवढा ऐकू येतुया. तुजी शेळी त्येच्या कळपात घुसलीया पोरी, वळखायची कशी?" मग त्यांनी मला हाक कशी मारतात ते दाखवलं. मेंढरं ओरडत असताना पोटातनं ओरडलं तर आवाज त्यांच्यातच मिसळतो, तो टाळूला लावून काढायचा. "मोट्यानं न्हाई वरडायचं. येगळं वरडायचं." नवऱ्यामागं तीस वर्षं त्या अशाच हाका मारत डोंगर चालल्या होत्या. मी आपली पुण्यातल्या बंद खोलीत ढोलाशिवाय अँप निवडून आले होते! ढोलाशेजारी वाजवणाऱ्या बाईनं ढोलच विसरावा म्हणजे कमाल झाली.

मी खर्ज पार उतरवला आणि मधला सूर वाढवला. मावशी पुन्हा पलीकडे गेल्या. या खेपेला नव्या अँपवरही काठी वर झाली, पण तेवढ्यात खाली नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी सुरू झाल्या, घरातला दिवा पिवळा पडला आणि अँपचा रंगीत पडदा विझला. चार वेळा चालू केला, चार वेळा रुसला. मग झिजलेल्या कोपऱ्यांचा जुना जोडला. त्याच मरतुकड्या लायटीवर तो वाजला, कुरकुर न करता. पलीकडे काठी वर गेली ती खाली येईना. मावशी ती डोक्यावर नाचवत होत्या. मला भरून आलं. गिटार कधी हातात न धरलेल्या बाईनं माझ्यासाठी दोनदा ओढा ओलांडला होता.

नवा अँप दुकानात परत गेला. जुना घेऊन पालीच्या जत्रेत संध्याकाळी आम्ही उभे राहिलो. पाळण्यांची घरघर, पिपाण्या, बाजूला दुसऱ्या मंडळाचा लाऊडस्पीकर. दुसऱ्या गाण्याला मंडपातले दिवे पिवळे पडले. मी अँपकडे पाहिलंसुद्धा नाही, भीतीच वाटली. पण तो वाजत राहिला. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गायक सरकत सरकत माझ्याजवळ आला. चेहरा त्रासलेला. आता हा काय सांगतो? त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"बाई, जरा बारीक करा. माझं मलाच ऐकू येईना."

मी बटण थोडं खाली केलं. लगेच पुढचं कडवं सुरू झालं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तशीच वाजवत राहिले.