मेहुण्यांनी झारा धरला

आमच्या मेहुण्यांइतका अन्नावर जीव असलेला माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असेही मला वाटत नाही. हे माझ्या बायकोचे थोरले बंधू, घराण्याने भिक्षुक. पण तिथीपेक्षा त्या तिथीला कोणाकडे काय शिजते, हे त्यांना जास्त पाठ. वाट सांगायची तीही स्वयंपाकघरांवरून. "जिथं जवसाच्या चटणीचा वास येते ना, जवाईबुवा, तिथून डाव्या हाताले वळा." एकदा दर्यापूरला जाताना त्यांनी भर उन्हात बैलगाडी थांबवली, कारण एका शेतात कणकेचे जाड रोडगे भाजत होते. सोवळ्यापायी तिथे जेवता येईना, तर हे बांधावर बसून राहिले आणि गोवऱ्यांचा आर कसा पसरावा यावर त्या शेतकऱ्याशी भांडून, तृप्त होऊन परत आले. "जेवता नाही आलं, पण वास तं पोटभर घेतला!"

त्या वर्षांत कापसाला सोन्याचे मोल आले होते. सातासमुद्रांपलीकडे कुठेशी लढाई चालली होती म्हणे, आणि इकडे वऱ्हाडात बारशालाही लग्नाएवढ्या पंगती उठत. एकाने तर नव्या बैलजोडीच्या नावाने गावजेवण घातले. आचारी मिळेनासे झाले. तेव्हा चाळिशी उलटलेले आमचे मेहुणे एका सकाळी येऊन म्हणाले, "मी आता आचारी होतो. सुरुवात कुठून करू, सांगा."

मी व्यवस्थेचा माणूस. लगेच क्रम लावून दिला. आधी जाणता गुरू गाठावा, त्याच्याजवळ पहिल्यांदा जाळ शिकावा, मग पाण्याचा अंदाज, मग निवडणे-चिरणे, आणि झाऱ्याला सर्वांत शेवटी हात लावावा. मेहुण्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि संध्याकाळी हातभर लांब झारा विकत घेऊन आले. माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. "दादा, चूल तरी पेटवता येते का तुले?"

"पेटवणारे लय आहेत. चवीचा माणूस कुठं आहे?" असे म्हणून झारा खांद्यावर टाकून ते अकोल्याला गेले.

अकोल्याचे ते नामांकित आचारी म्हणजे साक्षात जमदग्नी. त्यांनी झारा काढून खुंटीला टांगला आणि मेहुण्यांना चुलाणापुढे बसवले. "काहून रे भटजी, मंत्रानं पेटते का लाकूड? फुंक!" मेहुणे फुंकत राहिले. डोळे लाल, मिशा करपलेल्या, पण स्वारी खूश. बाभूळ शहाणी, निंब रडका, असे लाकडांचे स्वभाव ते मला सोयऱ्यांसारखे समजावून सांगत. घरी आले की आधी आमच्या चुलीतली लाकडे पुन्हा रचत आणि बहिणीच्या शिव्या खात.

खरी अडचण पुढेच होती. सोवळ्यातला स्वयंपाक नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचा नाही. आणि मेहुण्यांचे बोट तर जन्मभर भांड्यातून तोंडात गेलेले. शेवटी ते तोंडात पाण्याची गुळणी धरून रांधू लागले. कोणी काही विचारले की नुसते "अं अं" करीत. गुरूंनी बजावले होते, "जीभ आवरली तं पंगत तुह्या हाती देईन. नाही तं पंचांग हायच घरी." मेहुण्यांनी महिनोन् महिने आवरली.

परीक्षेची पंगत अमरावतीला एका कापूसदलालाकडे होती. पानांची मांडामांड माझ्याकडे, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशीच उभा होतो. मेहुणे कढीला फोडणी देत होते, तेवढ्यात यजमान नवीन झुंबर आल्याची वर्दी द्यायला आले. हे झारा हातात धरून त्यांचे वर्णन ऐकत राहिले. यजमान गेले, आणि मेहुण्यांचा चेहरा पांढरा पडला. कढीत मीठ टाकले की नाही, ते आठवेना! गुरू नदीवर स्नानाला गेलेले. लोक पाटांवर बसलेले. चाखावे तर सोवळे मोडते, अंदाजाने टाकावे तर कढी समुद्र व्हायची.

मेहुण्यांनी गुळणी थुंकली, हात धुतले, वाटीत कढी घेतली, तुळशीचे पान टाकले, थेट देवघरात गेले आणि भिक्षुकीचा सगळा वेग लावून नैवेद्य दाखवला. मग तो प्रसाद दुरून तोंडात ओतला. कढी ठार अळणी! पुन्हा हात धुऊन त्यांनी मीठ घातले, आणि ढवळतात तोच गुरू दारात. तुळशीपानाची वाटी आणि मिठाचा हात, दोन्ही त्यांनी पाहिले.

"भटजी! देवाले अळणी कढी दाखवली?"

"देव रुसला तं समजूत काढीन, महाराज, तो माह्या ओळखीचा हाय. पंगत माह्या ओळखीची नाही."

महाराजांनी ओला पंचा खांद्यावर टाकला. मग पोट धरून हसले. "वाढा! अन् कढी कोणाची इचारलं तं याचं नाव सांगजा."

त्या दिवशी लोकांनी कढीचे द्रोणावर द्रोण मागून घेतले. पुढे मेहुणे अकोल्यापासून चांदूर बाजारापर्यंत गाजले, आणि कापसाचा भाव बसल्यावर लहानलहान पंगतींनाही तितक्याच हौसेने जात राहिले. एवढेच की दिवसभर धुरात उभे राहिल्यावर त्यांना अन्न जाईना. आम्ही जेवायला बसलो की ते खांबाला टेकून आमच्या पहिल्या घासाकडे पाहत. मी म्हणायचो, "अहो, बसा की पानावर."

"तुमी जेवा, जवाईबुवा. मले भूक नसते आता," ते म्हणायचे, आणि मग हळूच विचारायचे, "कशी झाली?"

मी पुन्हा एकदा वाढून घ्यायचो. त्यांच्या वाटचे.